लाल मातीवरची बग्गी : जुळवणी आणि सुधारणा

रेडिओ-नियंत्रित ऑफ-रोड बग्गी म्हणजे मातीच्या ट्रॅकवर शर्यत लावण्यासाठी बांधलेली, उघड्या चाकांची छोटी मोटारगाडी. एक-दशांश आणि एक-अष्टमांश हे तिचे दोन मुख्य आकार. एक-दशांश आकाराची बग्गी भरते साधारण दीड किलो आणि तिच्या पुढच्या व मागच्या चाकांमधले अंतर असते सुमारे २८ सेंटिमीटर. एवढीशी ही गाडी ताशी ४०-४५ किलोमीटर वेगाने मातीच्या उंचवट्यांवरून हवेत झेपावते, खाली येते आणि लगेच पुढच्या वळणात शिरते. खऱ्या मोटारीत असते ते जवळजवळ सगळे तिच्यात असते: स्वतंत्र सस्पेन्शन, तेल भरलेले शॉक, डिफरन्शियल, क्लच. आणि त्यातली प्रत्येक गोष्ट स्क्रू फिरवून, वॉशर सरकवून किंवा तेल बदलून कमी-जास्त करता येते. वेगाने चालणारी बग्गी आणि वेगाने चालणारी पण हाताबाहेर न जाणारी बग्गी यांत जो फरक पडतो, तो बहुतेक वेळा या जुळवणीचा असतो, महागड्या सुट्या भागांचा क्वचितच.

या गाड्यांचा इतिहास फार जुना नाही. जपानच्या तामिया कंपनीने १९७९ मध्ये रफ रायडर ही बग्गी बाजारात आणली आणि डांबरावर धावणाऱ्या रेडिओ-गाड्या मातीत उतरल्या. १९८४ मध्ये अमेरिकेच्या टीम असोसिएटेडने आरसी१० काढली. ॲल्युमिनियमची चॅसी आणि तेलाचे शॉक असलेली ही गाडी खेळण्यासाठी नव्हे, तर सरळ शर्यतीसाठी आखलेली होती. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या डेल मार येथे एक-दशांश ऑफ-रोड गाड्यांची पहिली जागतिक स्पर्धा झाली आणि दोन-चाकी चालनाच्या गटात जे हॉल्सी आरसी१० चालवून विजेता ठरला. त्यानंतरच्या काळात जपानच्या मासामी हिरोसाकाने निरनिराळ्या गटांत मिळून १४ जागतिक विजेतेपदे मिळवली. तेव्हापासून मोटर, बॅटरी, टायर सगळे बदलले. जुळवणीची मूलतत्त्वे मात्र तीच राहिली.

जयनगरची माती, हवा आणि उंची

जुळवणी नेहमी जागेची असते. एका गावात सुरेख चालणारी गाडी दुसऱ्या गावात गिरक्या घेते, ते याचमुळे. बंगळुरूच्या दक्षिणेला १९४८ मध्ये आखणी होऊन वसलेले जयनगर या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे. क्रमांकाने ओळखले जाणारे ब्लॉक, झाडांनी झाकलेले रस्ते आणि मधूनमधून मैदाने अशी या वस्तीची रचना. तिच्या उत्तरेला लालबाग आहे आणि लालबागेत सुमारे ३०० कोटी वर्षांपूर्वीचा पट्टिताश्माचा उघडा खडक आहे. तो राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून जपला जातो. परिसरातली लाल माती अशाच खडकाच्या झिजेतून तयार झाली आहे.

महाराष्ट्राच्या पठारावर बेसॉल्ट झिजून काळी, चिकट माती तयार होते. पट्टिताश्म झिजतो तेव्हा त्यातली इतर खनिजे कुजून चिकणमाती होते, पण गारेचे म्हणजे क्वार्ट्झचे कण तसेच टणक राहतात. लोहाच्या ऑक्साइडमुळे सगळ्याला लाल रंग येतो. बग्गीच्या दृष्टीने याचे दोन परिणाम. एक, कोरड्या दिवसांत दाबलेल्या टणक थरावर सुट्या बारीक रेतीचा पातळ पापुद्रा बसतो आणि टायर त्या दाण्यांवरून घसरतो. दोन, हे दाणे बेअरिंगमध्ये, शॉकच्या दांड्यावर आणि गियरच्या दात्यांत शिरून त्यांची झपाट्याने झीज करतात. वळवाची एक सर येऊन गेली की हीच माती तासा-दोन तासांत घट्ट बसते आणि पकड एकदम वाढते.

हवामानाचाही वाटा आहे. बंगळुरूत एप्रिलच्या दुपारी पारा ३४ अंशांच्या आसपास जातो, जानेवारीच्या पहाटे तो १५-१६ अंशांवर येतो. सप्टेंबर-ऑक्टोबर हे भर पावसाचे महिने. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवर असल्याने इथली हवा मुंबईच्या हवेपेक्षा सुमारे ९ टक्के विरळ आहे. विजेच्या मोटरची ताकद त्यामुळे घटत नाही, पण तिला थंड करणारी हवा थोडी कमी मिळते. मिथेनॉल-नायट्रोमिथेनच्या इंधनावर चालणाऱ्या इंजिनाला मात्र हा फरक थेट जाणवतो. हवा कमी म्हणजे प्राणवायू कमी, म्हणून मुंबईत बसवलेली कार्ब्युरेटरची सुई बंगळुरूत किंचित आत फिरवून इंधन कमी करावे लागते. नाहीतर इंजिन जडपणे चालते आणि धूर ओकते. तेच इंजिन मुंबईला परत नेताना सुई पुन्हा बाहेर काढायला विसरले, तर इंधन अपुरे पडून ते तापते आणि जाम होते.

आधी गाडी निरोगी हवी

जुळवणीला हात लावण्यापूर्वी गाडी दोषमुक्त असली पाहिजे. वाकलेल्या बिजागरीच्या पिनवर कितीही चांगली स्प्रिंग लावली तरी उपयोग नाही. तपासणीचा क्रम सोपा आहे. शॉक काढून प्रत्येक सस्पेन्शन आर्म हाताने वर उचलून सोडावा. तो स्वतःच्या वजनाने अलगद खाली पडला पाहिजे. अडखळला तर पिन वाकडी आहे किंवा छिद्रात माती आहे. चारही चाके बोटाने फिरवून बेअरिंगची खरखर ऐकावी. धातूत बसणाऱ्या स्क्रूंना थ्रेड-लॉकचा एक थेंब लावावा. प्लास्टिकमध्ये बसणाऱ्यांना तो लावू नये, कारण त्याने काही प्लास्टिक तडकते.

मग चारही शॉक गाडीतून काढून जोडीने तपासावेत. डावा आणि उजवा शॉक लांबीला सारखे हवेत. त्यांत अर्ध्या मिलिमीटरचाही फरक नको. दोघांचे दांडे एकाच वेळी दाबून सोडले तर ते सारख्याच गतीने परत यायला हवेत. आतमध्ये हवेचा बुडबुडा राहिला असेल तर दांडा हलवताना चळकचळक आवाज येतो. असा शॉक पुन्हा भरावा लागतो. तेल भरल्यावर दांडा हळूहळू वर-खाली करून बुडबुडे वर येऊ द्यावेत, काही मिनिटे तो उभा ठेवावा आणि मगच टोपी बसवावी.

मोजमापासाठी पूर्ण सपाट पृष्ठभाग लागतो. बंगळुरूजवळच्या जिगणीत ग्रॅनाइट कापण्याचे आणि घासण्याचे अनेक कारखाने आहेत. ग्रॅनाइटचा घासलेला एक तुकडा यासाठी उत्तम पाट होतो. त्यावर गाडी ठेवून, टोकदार पात्याने पुढचा भाग अगदी मध्यावर उचलावा. दोन्ही पुढची चाके एकाच क्षणी उचलली गेली पाहिजेत. एक आधी उचलले गेले तर चॅसी पिळलेली आहे किंवा दोन बाजूंच्या स्प्रिंगचा ताण वेगळा आहे. हीच चाचणी मागच्या बाजूनेही करावी.

टायर : पकडीचा उगम

गाडीची सारी ताकद, सारे ब्रेक आणि सारे वळणे जमिनीपर्यंत पोहोचते ते टायरच्या टेकलेल्या चार छोट्या ठिपक्यांमधून. म्हणून सगळ्या बदलांत टायरच्या बदलाचा परिणाम सर्वांत मोठा. टायरची निवड तीन गोष्टींवर ठरते: गाठींचा आकार, रबराचा मऊपणा आणि आतला फोम.

सुट्या रेतीचा पापुद्रा असलेल्या कोरड्या लाल मातीवर बारीक, दाट, टोकदार गाठींचा टायर पापुद्रा भेदून खालच्या टणक थराला धरतो. पावसानंतरच्या ओल्या मातीत उंच आणि विरळ गाठी हव्यात. दाट गाठींच्या मधे चिखल भरून टायर गुळगुळीत होतो. ट्रॅक वापरून दाबला गेला, त्यावर रबराचा काळा पट्टा दिसू लागला की ठेंगण्या गाठींचा टायर अधिक चालतो, कारण उंच गाठी वळणात वाकतात आणि गाडी डुलते. मऊ रबर जास्त पकड देते, पण गारेच्या कणांवर लवकर झिजते. म्हणून एप्रिलच्या तापलेल्या जमिनीवर एक पायरी टणक आणि जानेवारीच्या सकाळी एक पायरी मऊ रबर, हा चांगला आरंभबिंदू आहे.

ऑफ-रोड बग्गीच्या टायरमध्ये हवेचा दाब नसतो. आकार धरून ठेवतो तो आतला फोम, आणि चाकाला लहान छिद्र ठेवून हवेला वाट दिलेली असते. टायर रिमला सायनोअॅक्रिलेट गोंदाने चिकटवतात. चिकटवण्यापूर्वी टायरच्या कडांवरचा कारखान्यातला तेलकट थर स्पिरिटने पुसला नाही, तर पहिल्याच वेगवान वळणात कड सुटते.

उंची आणि चाकांचे कोन

टायरनंतर त्याला जमिनीवर कसे ठेवायचे ते पाहायचे. गाडीला बॅटरी, बॉडी सगळे लावून, हातभर उंचीवरून दोन-तीनदा सपाट पाटावर सोडावी आणि चॅसीखालची उंची मोजावी. एक-दशांश बग्गीसाठी ती साधारण २० ते २४ मिलिमीटर असते. खडबडीत मैदानावर ती वरच्या टोकाला ठेवतात, दाबलेल्या गुळगुळीत मातीवर खालच्या टोकाला. उंची कमी केली की गुरुत्वमध्य खाली येतो आणि पकड जास्त असलेल्या जागी गाडी उलटण्याचा धोका कमी होतो. पण चॅसी खड्ड्यात आपटली तर टायर क्षणभर अधांतरी राहतात.

कॅम्बर म्हणजे समोरून पाहता चाकाचा कलता कोन. चाकाचा माथा आत झुकलेला असेल तर तो ऋण कॅम्बर. वळणात गाडी बाहेरच्या बाजूला कलते, तेव्हा थोडा ऋण कॅम्बर दिलेले बाहेरचे चाक सरळ होऊन पूर्ण रुंदीने टेकते. एक ते दोन अंश ऋण कॅम्बर पुरतो. तो बरोबर आहे की नाही हे टायरच सांगतो: काही फेऱ्यांनंतर गाठी पूर्ण रुंदीवर सारख्या झिजलेल्या हव्यात. आतली कड जास्त झिजली तर कॅम्बर जास्त झाला.

टो म्हणजे वरून पाहता चाकांच्या नाकांची दिशा. मागची चाके सुमारे ३ अंश आत वळवलेली असतात. त्यामुळे गाडी वेग घेताना सरळ राहते. पुढची चाके सरळ किंवा किंचित बाहेर ठेवली की स्टिअरिंगला पहिला प्रतिसाद चटकन मिळतो. कॅस्टर म्हणजे पुढच्या चाकाचा वळणाचा अक्ष मागे झुकलेला असण्याचा कोन. तो वाढवला की खडबडीत सरळ पट्ट्यावर गाडी स्थिर राहते आणि वळणातून बाहेर पडताना स्टिअरिंग वाढते; कमी केला की वळणात शिरताना गाडी जास्त वळते.

स्प्रिंग, तेल आणि पिस्टन

शॉकचे काम उडी संपताना सर्वांत स्पष्ट दिसते. समजा बग्गी १ मीटर उंचीवरून सपाट जमिनीवर उतरली. जमिनीला टेकताना तिचा वेग सेकंदाला सुमारे ४.४ मीटर असतो. सस्पेन्शनला थांबण्यासाठी मिळते फक्त ३० मिलिमीटर अंतर. पडण्याची उंची भागिले थांबण्याचे अंतर केले की सरासरी मंदन निघते: गुरुत्वाच्या ३३ पट. त्यात गाडीचे स्वतःचे वजन मिळवले की दीड किलोच्या गाडीच्या शॉक, आर्म आणि पिनांवर तेवढ्या क्षणापुरता सुमारे ५० किलोचा भार येतो. शॉकने हा भार पूर्ण ३० मिलिमीटरवर पसरवला तर गाडी टेकते आणि पळते. पहिल्या १० मिलिमीटरमध्येच तो अडला तर गाडी चेंडूसारखी उसळते. अडलाच नाही तर चॅसी जमिनीवर आदळते.

स्प्रिंग भार पेलते, तेल हालचालीचा वेग आवरते. शॉकच्या आत दांड्याच्या टोकाला छिद्रे असलेला पिस्टन असतो आणि तेल त्या छिद्रांतून जबरदस्तीने ढकलले जाते. वेग हळू असताना तेलाचा दाटपणा प्रभावी ठरतो. उडीनंतरच्या अतिवेगात मात्र तेलाला छिद्रांतून निघायला वेळच मिळत नाही आणि शॉक एकाएकी ताठ होतो. हा ताठरपणा ठरतो छिद्रांच्या आकाराने. छिद्र १.६ ऐवजी १.७ मिलिमीटर व्यासाचे केले तर क्षेत्रफळ जवळजवळ १३ टक्क्यांनी वाढते. यातून एक उपयुक्त नियम मिळतो: मोठ्या उड्यांच्या ट्रॅकवर लहान छिद्रे आणि पातळ तेल, लहान-लहान खड्ड्यांच्या मैदानावर मोठी छिद्रे आणि दाट तेल. दोन्हींत वळणातला डोल सारखाच आवरला जातो, पण खड्ड्यांवर दुसरी जोडी मऊ वागते.

तेलाचे आकडे कंपनीगणिक वेगळे असतात. असोसिएटेडचे ३० क्रमांकाचे तेल ३५० सेंटिस्टोक दाटपणाचे, ३५ चे ४२५ चे आणि ४० चे ५०० चे. वेगवेगळ्या कंपन्यांची तेले वापरताना सेंटिस्टोकचाच आकडा पाहावा. तापमान वाढले की सिलिकॉन तेल पातळ होते. १५ अंशांवरून ३५ अंशांवर गेले की त्याचा दाटपणा सुमारे एक तृतीयांश घटतो. म्हणजे जानेवारीच्या सकाळी ३५० सेंटिस्टोकवर नेमकी चालणारी बग्गी एप्रिलच्या दुपारी डुलू लागते. तेव्हा एक-दोन पायऱ्या दाट तेल भरावे लागते. तापमान बदलले की तेल बदलायचे, स्प्रिंग तशीच ठेवायची.

शॉक टॉवरवर शॉकसाठी तीन-चार छिद्रे असतात. वरचे टोक आतल्या छिद्रात नेऊन शॉक अधिक तिरपा केला की हालचालीची सुरुवात मऊ होते. उभा केला की प्रतिसाद ताठ आणि चटकन येतो. ट्रॅकवर वेळ कमी असताना स्प्रिंग बदलण्यापेक्षा हा एक स्क्रू हलवणे सोपे पडते.

डिफरन्शियल, स्लिपर आणि वजनाची वाटणी

वळणात बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर कापावे लागते. ती मुभा डिफरन्शियल देते. आत दाट सिलिकॉन तेल भरून ही मुभा मर्यादित करता येते. हे तेल शॉकच्या तेलाहून कितीतरी दाट, हजारो सेंटिस्टोकचे असते. दोन-चाकी चालनाच्या बग्गीच्या मागच्या डिफमध्ये ३,००० ते ७,००० सेंटिस्टोक तेल सामान्यतः वापरतात. तेल पातळ असेल तर गाडी वळणात मोकळी फिरते, पण उधळलेल्या मातीत आतले चाक रिकामेच फिरत राहते. तेल दाट असेल तर दोन्ही चाके बरोबर खेचतात, पण निसरड्या जागी मागचा भाग एकदम सुटतो. सुट्या रेतीच्या लाल मातीवर पातळ बाजूने सुरुवात करणे शहाणपणाचे.

स्लिपर क्लच मोटरचा झटका गियरपर्यंत पोहोचण्याआधी थोडा घसरू देतो. उभ्या गाडीला एकदम पूर्ण थ्रॉटल दिल्यावर पहिले एक-दोन फूट तो घसरल्याचा चिरका आवाज यावा, मग थांबावा. तो जास्त घट्ट असेल तर उडीनंतर फिरती चाके जमिनीला टेकतात तेव्हा गियरचे दाते तुटतात. जास्त सैल असेल तर तो तापून जळतो.

दोन-चाकी चालनाच्या बग्गीत मोटर मागच्या आसाच्या मागे किंवा पुढे बसवता येते. मागे बसवली की चालक चाकांवर भार वाढतो आणि घसरड्या जमिनीवर गाडी सुटते ती सरळ. आसाच्या पुढे बसवली की उड्या संतुलित होतात आणि वळणे चटकन घेता येतात, पण त्यासाठी जमिनीची पकड चांगली हवी. कोरड्या रेताड मैदानावर पहिली रचना, पावसानंतरच्या घट्ट मातीवर दुसरी. बॅटरी सरकवण्याचा परिणाम यापेक्षा सूक्ष्म आहे: २०० ग्रॅमची बॅटरी २० मिलिमीटर मागे नेली तर मागच्या चाकांवर सुमारे १४ ग्रॅम भार वाढतो, म्हणजे गाडीच्या वजनाच्या एक टक्का. हा बदल शेवटच्या बारीक जुळवणीसाठी राखून ठेवावा.

मोटर, गियर आणि बॅटरी

ब्रशलेस मोटरची ओळख टर्नच्या आकड्याने होते: तारेचे वेढे कमी तर वेग जास्त. १३.५ टर्नची मोटर दर व्होल्टला मिनिटाला साधारण ३,००० फेरे देते. दोन सेलच्या लिथियम-पॉलिमर बॅटरीचा नाममात्र दाब ७.४ व्होल्ट, म्हणून बिनभाराचे फेरे २२,२००. मोटरच्या दांड्यावरचा छोटा गियर म्हणजे पिनियन २६ दात्यांचा, तो फिरवतो तो मोठा गियर म्हणजे स्पर ७८ चा आणि गियरपेटीचे गुणोत्तर २.६ धरले तर एकूण गुणोत्तर ७.८ येते. चाक मिनिटाला सुमारे २,८४६ वेळा फिरते आणि ८४ मिलिमीटर व्यासाच्या टायरवर गाडीचा सैद्धांतिक वेग ताशी ४५ किलोमीटर निघतो. पिनियनला एक दाता वाढवला की तो जवळजवळ ४७ होतो, पण मोटरवरचा भारही वाढतो.

म्हणून पिनियन नेहमी लहान घेऊन सुरुवात करावी आणि एकेक दाता वाढवत मोटरचे तापमान मोजावे. पाच मिनिटे चालवल्यावर इन्फ्रारेड थर्मामीटरने मोटर ८० अंशांच्या आत दिसली पाहिजे. त्यापलीकडे गेली तर आतले चुंबक दुबळे होऊ लागतात आणि ती हानी भरून निघत नाही. एप्रिलच्या दुपारी हवाच ३४ अंशांवर असते, त्यामुळे हिवाळ्यात बसवलेला पिनियन तेव्हा एक दाता कमी करावा लागू शकतो. पिनियन आणि स्परच्या दात्यांत वहीच्या कागदाची पट्टी सरकवून मोटरचे स्क्रू आवळावेत आणि मग पट्टी काढावी. उरलेली फट नेमकी असते.

लिथियम-पॉलिमर बॅटरी ताकदवान पण नाजूक. भरल्यावर प्रत्येक सेल ४.२ व्होल्टवर थांबला पाहिजे, वापरताना तो ३.२ च्या खाली जाऊ नये आणि आठवडाभर ठेवायचा असेल तर ३.८ च्या आसपास असावा. चार्जिंग क्षमतेइतक्याच प्रवाहाने, म्हणजे ४,००० मिलिअँपिअर-तासांच्या बॅटरीला ४ अँपिअरने, करणे सुरक्षित. फुगलेली बॅटरी पुन्हा चार्ज करू नये आणि कोणतीही बॅटरी उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत सोडून जाऊ नये.

भारतात २००५ पासून २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा कमी ताकदीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त आहे, त्यामुळे आजचे ट्रान्समीटर क्रिस्टल न बदलता एकाच मैदानावर एकत्र चालतात. मैदानावर उतरण्याआधी फेल-सेफ तपासावे: गाडीची चाके अधांतरी धरून ट्रान्समीटर बंद केला की मोटर थांबलीच पाहिजे. माणसांची आणि मुलांची वर्दळ असलेल्या मैदानावर हा नियम मोडायला जागा नाही.

सुधारणा कोणत्या क्रमाने

सुटे भाग बहुतेक परदेशी आणि आयात शुल्कामुळे महाग. म्हणून खर्चाचा क्रम ठरवून घ्यावा. पहिला खर्च बेअरिंगांचा. स्वस्त गाड्यांत पितळी किंवा प्लास्टिकच्या बुशिंग असतात. त्या काढून बॉल-बेअरिंग बसवले की घर्षण घटते आणि बॅटरी जास्त पुरते. ५×१०×४ आणि १०×१५×४ मिलिमीटर हे आकार औद्योगिक वापराचेही असल्याने ते शहरातल्या बेअरिंगच्या दुकानांत मिळू शकतात. दुसरा खर्च मातीला साजेशा टायरच्या दोन जोड्यांचा, एक कोरड्या आणि एक ओल्या दिवसांसाठी. तिसरा पुढची चाके वळवणाऱ्या, धातूच्या गियरच्या, चपळ सर्वोचा. चाके सांगितल्या क्षणी वळली नाहीत तर बाकीची जुळवणी वाया जाते. चौथा खर्च स्प्रिंगचा संच आणि तीन-चार दाटपणांच्या तेलांचा. वायर, कनेक्टर, सोल्डर आणि इलेक्ट्रॉनिक बारीकसारीक वस्तूंसाठी टाउन हॉलजवळचा सदर पत्रप्पा रस्ता, म्हणजे एस.पी. रोड, जयनगरहून जवळच आहे. नवी मोटर या सगळ्यांनंतर.

चमकदार ॲल्युमिनियमच्या भागांचा मोह आवरावा. नायलॉनचा सस्पेन्शन आर्म आदळला की वाकतो आणि परत सरळ होतो. तोच आर्म ॲल्युमिनियमचा असेल तर वाकलेलाच राहतो किंवा धक्का पुढे शॉक टॉवरला आणि चॅसीला देतो. ॲल्युमिनियम जिथे ताठरपणा हवा आणि धक्का कमी तिथे योग्य: स्टिअरिंगच्या जोडण्या, मोटर बसवायची पट्टी, शॉकच्या टोप्या. पिनियन मात्र पोलादाचाच हवा. गारेच्या धुळीत ॲल्युमिनियमचे दाते लवकर पातळ होतात.

चाचणीची शिस्त

ट्रॅकवर एका वेळी एकच बदल करावा. दोन बदल एकत्र केले आणि गाडी सुधारली, तर श्रेय कशाचे ते कळत नाही. बिघडली तर दोषही सापडत नाही. प्रत्येक बदलानंतर दहाएक फेऱ्यांचे वेळ नोंदवावेत. सर्वांत जलद फेरीपेक्षा सरासरी आणि फेऱ्यांमधला फरक अधिक बोलका असतो. एक फेरी विलक्षण जलद आणि पुढच्या तीन फेऱ्यांत गाडी उलटली, असे घडवणारी जुळवणी शर्यतीत हरवते.

तक्रार ओळखण्याची पद्धत ठरलेली आहे. वळणात शिरताना गाडी सरळच जात असेल, तर पुढची पकड कमी आहे: पुढे मऊ टायर, मऊ स्प्रिंग किंवा कमी कॅस्टर. वळणाच्या मध्यात मागचा भाग सुटत असेल तर मागे मऊ स्प्रिंग किंवा अधिक टो. थ्रॉटल देताना गिरकी घेत असेल तर डिफमध्ये पातळ तेल किंवा वजन मागे. उडीनंतर उसळत असेल तर तेल किंवा पिस्टन. हवेत नाक वर जात असेल तर आधी चालवण्याची पद्धत पाहावी. हवेत थ्रॉटल दिला की वेगाने फिरणारी चाके चॅसीला उलट दिशेने ढकलतात आणि नाक वर येते. ब्रेक लावला की ते खाली जाते. कुशल चालक हा परिणाम वापरून गाडी सपाट उतरवतो.

सगळे बदल एका वहीत तारीख, वेळ, तापमान, मातीची स्थिती, टायर, उंची, तेल, पिनियन आणि सरासरी वेळ अशा रकान्यांत लिहावेत. बंगळुरूचा एक पूर्ण वर्षाचा फेरा, म्हणजे जानेवारीचा गारवा, एप्रिलचे ऊन, वळवाच्या सरी आणि ऑक्टोबरची ओल, अशा नोंदीत आला की त्या गाडीची त्या मातीवरची वागणूक पुरी कळते. अभियांत्रिकीचे विद्यार्थी बाहा एसएई इंडिया स्पर्धेसाठी माणूस बसेल एवढी बग्गी बांधतात, तेव्हा कॅम्बर, कॅस्टर, दाट तेल आणि वजनाच्या वाटणीचा हाच हिशेब करतात. छोट्या बग्गीवर तो दीड किलो वजनात, चूक परवडेल अशा खर्चात आणि एका सकाळी पुन्हा पुन्हा करून पाहता येतो. म्हणून यंत्र कसे चालते हे हाताने शिकण्यासाठी इतके चांगले साधन दुसरे सहसा मिळत नाही.